पाळीव कुत्र्यावरील पिसवा: ओळख, उपचार आणि तीन महिन्यांचा बंदोबस्त

कुत्र्याच्या अंगावर पिसवा दिसल्या की बहुतेक मालक त्याच दिवशी त्याला औषधी शांपूने आंघोळ घालतात. दोन-तीन दिवस सारे शांत वाटते आणि आठवडा उलटण्याच्या आत कुत्रा पुन्हा खाजवू लागतो. मग शांपू बदलला जातो, गळ्यात पट्टा येतो, कोणी तरी सुचवलेले तेल चोळून पाहिले जाते आणि शेवटी ‘औषधांत काही दम राहिला नाही’ असा निष्कर्ष काढून सगळे थकून बसतात. प्रत्यक्षात दोष औषधाचा क्वचितच असतो. कुत्र्यावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा हा एकूण प्रादुर्भावाचा जेमतेम ५ टक्के हिस्सा असल्याचे पशुवैद्यकशास्त्रात ढोबळमानाने धरले जाते. उरलेला ९५ टक्के हिस्सा अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपाने कुत्र्याच्या अंथरुणात, गालिच्यात, सोफ्याखाली आणि फरशीच्या फटींत असतो. म्हणून औषध कुत्र्याला द्यायचे असले, तरी मोहीम घरभर चालवावी लागते आणि ती साधारण तीन महिने नेटाने चालवावी लागते.

आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेला बरा. पिसवा होणे हे अस्वच्छतेचे लक्षण नाही. रोज झाडलेल्या-पुसलेल्या घरातही त्या होतात, आणि लाजेपोटी पशुवैद्याकडे जाणे लांबवले तर त्या काळात त्यांची पिढी वाढत राहते, एवढेच.

पिसूचे जीवनचक्र: सारे गणित येथेच आहे

कुत्र्यांवर सर्वाधिक आढळणारी पिसू ही खरे तर मांजरावरची पिसू म्हणून ओळखली जाणारी जात आहे. ती कुत्रा, मांजर आणि इतर अनेक सस्तन प्राण्यांवर तितक्याच सहजपणे जगते. घरात मांजर असेल तर कुत्र्याचा उपचार एकट्याने करण्यात अर्थ का नसतो, हे यावरून लक्षात यावे.

प्रौढ पिसू कुत्र्यावर उडी मारून बसली की काही मिनिटांतच रक्त शोषू लागते आणि एकदा बसली की आपण होऊन सहसा उतरत नाही. पहिल्यांदा रक्त पोटात गेल्यानंतर एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते आणि तिचा वेग दिवसाला ४० ते ५० अंड्यांपर्यंत जातो. ही अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटून राहत नाहीत. कुत्रा जेथे जेथे लोळतो, झोपतो, अंग झटकतो तेथे ती गळून पडतात. अंथरुणावर ती मिठाच्या बारीक कणांसारखी दिसतात, आणि त्यांच्यासोबतच पडलेली पिसवांची काळी विष्ठा ही पुढे अळ्यांचे अन्न होते.

उबदार आणि दमट हवेत अंडी दोन-चार दिवसांत फुटतात. थंडीत अधिक वेळ लागतो. बाहेर पडणारी अळी उजेड टाळते आणि खाली-खाली सरकत जाते, म्हणजे गालिच्याच्या मुळाशी, गादीच्या शिवणीत, फळ्यांच्या फटीत. कोरडी हवा आणि थेट ऊन तिला मानवत नाही. हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली तर अळ्या वाळून मरतात. पोषक वातावरणात मात्र एक-दोन आठवड्यांत त्या स्वतःभोवती चिकट रेशमी कोष विणतात. त्या कोषावर धूळ आणि धागे चिकटल्यामुळे तो शेजारच्या कचऱ्यापासून वेगळा ओळखूच येत नाही.

हा कोष म्हणजे संपूर्ण प्रकरणातील सर्वांत अवघड टप्पा होय. कीटकनाशके त्याच्या आत नीट पोहोचत नाहीत, झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर यांनाही तो दाद देत नाही, आणि आत तयार झालेली पिसू अनुकूल वेळ येईपर्यंत कित्येक आठवडे, प्रसंगी पाच-सहा महिनेही, निपचित थांबू शकते. जवळून कोणी चालल्याचा हादरा, वरून पडलेला दाब, उष्णता किंवा श्वासातील कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर पडते. दीर्घ सुट्टीनंतर बंद घराचे दार उघडताच घोट्यांवर पिसवांचा हल्ला व्हावा, हा अनेकांना चक्रावून टाकणारा अनुभव याच कारणाने येतो. त्या पिसवा बाहेरून आलेल्या नसतात. घरातच वाट पाहत असतात.

आधी खात्री करावी

खाजवणारा प्रत्येक कुत्रा पिसवांनी त्रस्त असतोच असे नाही. गोचीड, ऊ, खरजेचे किडे, बुरशी, अन्नाची अॅलर्जी अशी कारणे तितकीच संभवतात आणि त्यांवरील औषधे वेगळी असतात. गोचीड कातडीला तोंड रुतवून एका जागी चिकटून बसते आणि रक्त पिऊन टम्म फुगते. पिसू मात्र दोन-तीन मिलिमीटर लांबीची, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी आणि बिनपंखांची असते, आणि केसांतून इतक्या वेगाने सटकते की बोटांत येत नाही.

तपासणीसाठी बारीक दातांची, पिसवांसाठीच बनवलेली फणी घ्यावी. कुत्र्याला पांढऱ्या चादरीवर उभे करून शेपटीच्या बुडापासून सुरुवात करावी, कारण कंबर, शेपटीचे बूड, मांड्यांची मागची बाजू, पोट आणि जांघ या पिसवांच्या आवडत्या जागा आहेत. फणी कातडीला टेकवून सावकाश ओढावी आणि दर खेपेस तिचे दात पाहावेत. जिवंत पिसू सापडली तर प्रश्नच मिटला. न सापडल्यास फणीत अडकलेले मिरपुडीसारखे काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत आणि मिनिटभर थांबून बोटाने हलके दाबावेत. साधी माती असेल तर ती राखाडी-करडी राहते. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस-तपकिरी वलय पसरते, कारण ती विष्ठा म्हणजे मुख्यतः कुत्र्याचे पचलेले आणि वाळलेले रक्तच असते. वलय दिसले की पिसू दिसली नाही तरी निदान पक्के समजावे.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असते तो स्वतःला इतके चाटतो आणि चावतो की अंगावरचा पुरावाच नाहीसा होतो. अशा कुत्र्याला मोजके चावेही पुरतात. कंबरेपासून शेपटीपर्यंतचे केस विरळ होणे, कातडी लाल पडणे, पुढे ती जाड व काळपट होणे, पुळ्या येणे, ही चिन्हे दिसत असतील तर ‘आम्हांला तर एकही पिसू दिसली नाही’ या वाक्यावर विसंबून पिसवांची शक्यता बाजूला सारू नये.

पहिल्या दिवशी काय करावे

सर्वांत आधी कुत्र्याचे अचूक वजन करावे. पुढची प्रत्येक मात्रा वजनावर ठरते. अंदाजाने धरलेले वजन हे उपचार फसण्याचे एक नेहमीचे कारण आहे. लहान कुत्र्याला स्वतंत्र वजनकाट्यावर उभे करता येत नसेल तर त्याला उचलून घेऊन आपण वजन करावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे.

त्यानंतर फणी फिरवावी. शेजारी कोमट पाण्याचे भांडे ठेवून त्यात भांडी घासण्याचा द्रवरूप साबण घालावा आणि प्रत्येक पिसू फणीसकट त्यात बुडवावी. साध्या पाण्यात पिसू तरंगते आणि संधी मिळताच उडी मारून निसटते. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि ती तळाला जाते. नखांनी पिसू चिरडण्याचा मोह टाळावा, कारण तिचे कवच टणक असते आणि तिच्या पोटात रोगजंतू असू शकतात.

आंघोळ घालायची का, हे पुढचे औषध कोणते आहे त्यावर ठरते. मानेवर सोडायच्या थेंबांचे औषध वापरायचे असेल, तर बहुतेक उत्पादनांच्या सूचनांनुसार ते सोडण्यापूर्वी आणि सोडल्यानंतर सुमारे ४८ तास आंघोळ टाळावी लागते, कारण हे औषध कातडीतील तेलकटपणाच्या आधारे अंगभर पसरते आणि आंघोळीने तो तेलकटपणाच धुऊन निघतो. तोंडावाटे द्यायच्या गोळीला हे बंधन नाही. म्हणून कुत्रा फार किळसवाणा झाला असेल तर पहिल्या दिवशी आंघोळ आणि गोळी, हा क्रम सोयीचा पडतो.

आंघोळ घालताना पाणी कोमट असावे. पहिल्यांदा मानेभोवती दाट फेसाचे कडे करावे, कारण अंग भिजू लागताच पिसवा कोरड्या जागेच्या शोधात डोके, कान आणि डोळ्यांकडे धाव घेतात. हे कडे त्यांची वाट अडवते. मग अंग, पोट, जांघा आणि पायाची बोटे असा फेस करून शांपूवर लिहिलेला वेळ तो राहू द्यावा आणि भरपूर पाण्याने धुवावा. या आंघोळीने त्या क्षणी अंगावर असलेल्या पिसवा मरतात. उद्या उडी मारणाऱ्या पिसूविरुद्ध तिचा काहीही उपयोग नाही, एवढे लक्षात ठेवून ती करावी.

औषधाची निवड

बाजारातील यादी लांबलचक दिसते, तरी तिचे तीन-चार गटच आहेत आणि पशुवैद्याशी बोलण्यापूर्वी ते माहीत असलेले बरे.

पहिला गट मानेवर सोडायच्या थेंबांचा. यात फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन ही नावे आढळतात आणि बहुतेकांचा परिणाम सुमारे महिनाभर टिकतो. काही उत्पादनांत यांच्या जोडीला मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन असते. ही द्रव्ये प्रौढ पिसू मारत नाहीत, पण अंडी आणि अळ्यांची वाढ खुंटवतात. घरात प्रादुर्भाव मोठा असेल तेव्हा अशा मिश्रणाला प्राधान्य द्यावे. थेंब सोडण्याची पद्धत सोपी असली तरी चुका तेथेच होतात. दोन्ही खांद्यांच्या हाडांमध्ये, जीभ पोहोचणार नाही अशा जागी, केस बोटांनी दुभंगून कातडी दिसू द्यावी आणि नळीचे टोक कातडीला टेकवून ती रिकामी करावी. केसांवर सांडलेले औषध वाया जाते. मोठ्या कुत्र्याला पाठीच्या कण्यालगत दोन-तीन ठिकाणी विभागून औषध सोडण्याची सूचना असते. ती जागा वाळेपर्यंत मुलांना कुत्र्याला कुरवाळू देऊ नये, आणि घरातील इतर प्राण्यांनी ती चाटू नये म्हणून त्यांना वेगळे ठेवावे.

दुसरा गट चघळण्याच्या गोळ्यांचा. अफॉक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर आणि फ्लुरालानर ही औषधे आयसोक्साझोलिन या वर्गातील आहेत. पहिल्या तिघांची मात्रा महिन्याला एक असते, तर फ्लुरालानरच्या गोळीचा परिणाम सुमारे बारा आठवडे राहतो. पिसू चावली की रक्तातील औषध तिच्या पोटात जाते आणि काही तासांत ती मरते. गोचिडींवरही ही औषधे चालतात. ज्या कुत्र्याला वारंवार पोहायला किंवा भिजायला आवडते त्याच्यासाठी हा गट सर्वांत निर्धास्त वाटतो. मात्र २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या वर्गाबद्दल इशारा दिला आहे: काही कुत्र्यांत स्नायू थरथरणे, तोल जाणे किंवा फेफरे येणे असे परिणाम दिसू शकतात. त्याच प्रशासनाच्या मते बहुसंख्य कुत्र्यांसाठी ही औषधे सुरक्षितच आहेत; पण कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर ती माहिती पशुवैद्याला न विसरता द्यावी.

नायटेनपायराम ही गोळी वेगळ्या कामाची आहे. साधारण अर्ध्या तासात ती पिसवा मारू लागते, पण तिचा प्रभाव जेमतेम दिवसभर टिकतो. अंगावर पिसवांचा नुसता बुजबुजाट झालेला असताना तातडीचा उतारा म्हणून ती उत्तम, पण तिच्या जोडीला टिकाऊ औषध लागतेच.

पट्ट्यांच्या बाबतीत सरसकट मत देणे बरोबर नाही. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असलेला पट्टा अनेक महिने परिणाम देतो. केवळ सुगंधी तेले भिजवलेले स्वस्त पट्टे मात्र शोभेचेच ठरतात. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे जातील इतपत तो सैल असावा, आणि कातडी सोलली जात नाही ना हे पाहत राहावे.

काही औषधे पिसवांसाठी नाहीतच, तरी ती वापरली जातात. अमिट्राझ हे गोचीड आणि खरजेच्या किड्यांवरचे औषध आहे. पिसवांवर त्याच्यावर भिस्त ठेवू नये. आयव्हरमेक्टिनने पिसवांचा बंदोबस्त होत नाही, आणि कोली व तिच्या जवळच्या जातींतील अनेक कुत्र्यांना त्याची मोठी मात्रा जिवावर बेतू शकते. लसूण आणि कांदा खाऊ घातल्याने पिसवा पळत नाहीत, उलट कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा होते. टी ट्री तेल कातडीवर चोळल्याने विषबाधा झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. ‘नैसर्गिक’ या शब्दाने औषध सौम्य ठरत नाही, हे येथे जरा ठासूनच सांगावेसे वाटते.

घरात मांजर असेल तर एक नियम काटेकोरपणे पाळावा: पर्मेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराच्या वाऱ्यालाही उभे करू नये. मांजराच्या शरीराला या द्रव्याचा निचरा नीट करता येत नाही आणि थोड्या संपर्कानेही त्याला कंप, झटके आणि मृत्यू येऊ शकतो. ससा पाळला असेल तर फिप्रोनिलपासून त्याला दूर ठेवावे.

थेंबांचे औषध सोडल्यावर कुत्रा अस्वस्थ झाला, लाळ गाळू लागला किंवा थरथरू लागला, तर भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने ती जागा लगेच धुवावी आणि औषधाचे वेष्टन सोबत घेऊन पशुवैद्याकडे जावे. वेष्टनावरचे द्रव्याचे नाव वाचले की उपचाराचा बराच वेळ वाचतो.

घराची सफाई: उरलेला ९५ टक्के हिस्सा

कुत्र्याला औषध दिले त्याच दिवशी घराचे काम सुरू करावे. आधी कुत्रा दिवसभर कोठे कोठे बसतो याची मनाशी यादी करावी. अंथरूण आणि सोफा सर्वांनाच आठवतो. पलंगाखालचा कोपरा, दाराजवळचे पायपुसणे, मोटारीचे मागचे आसन आणि प्रवासाचा पिंजरा मात्र हमखास विसरला जातो.

अंथरूण, चादरी आणि उशांचे अभ्रे आतल्या बाजूने गुंडाळून उचलावेत, झटकू नयेत. झटकले तर अंडी खोलीभर विखुरतात. कापड सहन करत असेल तर ६० अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम पाण्यात धुवावे आणि कडक उन्हात किंवा ड्रायरमध्ये पूर्ण वाळवावे. फार जुने, उसवलेले अंथरूण सरळ टाकून द्यावे. हे काम आठवड्यातून एकदा तरी करायचे आहे.

त्यानंतर व्हॅक्यूम क्लीनर. पहिले दोन आठवडे रोज आणि पुढे एक दिवसाआड तो फिरवावा. खोलीच्या मध्यभागी फार वेळ घालवण्यापेक्षा भिंतीलगतच्या कडा, गालिच्याची टोके, सोफ्याच्या गाद्यांखालच्या खाचा आणि पलंगाखालची जागा यांवर भर द्यावा, कारण अळ्या तेथेच असतात. व्हॅक्यूमने कोष फारसे निघत नाहीत हे खरे, पण त्याच्या हादऱ्याने आणि उष्णतेने आतल्या पिसवा कोषाबाहेर येतात, आणि बाहेर आलेली पिसू औषधाच्या टप्प्यात असते. काम झाल्याबरोबर पिशवीतील कचरा दुसऱ्या पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाकावा. गालिचे नसलेल्या घरात फटी खरवडून झाडणे आणि साबणाच्या गरम पाण्याने फरशी पुसणे हाच पर्याय आहे, आणि तोही चांगला आहे. वाफेने साफ करण्याचे यंत्र उपलब्ध असल्यास गालिच्यावर आणि गाद्यांवर ते अवश्य वापरावे.

प्रादुर्भाव मोठा असेल तरच फवारणीकडे वळावे. फवारा निवडताना त्यात मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन आहे ना हे पाहावे. नुसते प्रौढ कीटक मारणारे द्रव्य पुढच्या पिढीला हात लावत नाही. फवारणीपूर्वी व्हॅक्यूम करावा, खाण्यापिण्याची भांडी आणि खेळणी हलवावीत, माणसे व प्राणी बाहेर काढावेत आणि पृष्ठभाग पूर्ण वाळून खोलीत हवा खेळल्याशिवाय कोणालाही आत सोडू नये. माशांची टाकी असेल तर ती झाकून तिचा हवेचा पंप त्या वेळेपुरता बंद ठेवावा, कारण अशा फवाऱ्यांत बहुधा असणारी पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माशांना अत्यंत विषारी असतात. खोलीच्या मध्यभागी ठेवून धूर सोडणारे डबे मात्र निरुपयोगी वाटतात; त्यांचे कण वरून खाली बसतात आणि फर्निचरखाली, जेथे अळ्या असतात, तेथे पोहोचतच नाहीत.

अंगण असेल तर सगळे अंगण भिजवण्याची गरज नाही. उन्हात अळ्या तगत नाहीत. कुत्रा विसावतो ती सावलीची, ओलसर जागा, झुडपांखालचा पालापाचोळा आणि पायऱ्यांखालची पोकळी तेवढी साफ आणि कोरडी ठेवावी.

कुत्र्याला घरभर फिरू द्यावे

ही सूचना वाचून अनेकांच्या भुवया उंचावतात. पिसवा झाल्या की कुत्र्याला एका खोलीत किंवा बाहेर ओसरीवर ठेवण्याकडे स्वाभाविक कल असतो. पण टिकाऊ औषध दिलेला कुत्रा हाच घरातील सर्वांत प्रभावी पिसू-सापळा असतो. तो नेहमीच्या खोल्यांत वावरला तर त्याच्या हालचालीने कोषांतील पिसवा बाहेर येतात, त्याच्यावर उडी मारतात आणि अंडी घालण्यापूर्वीच मरतात. त्याला दूर ठेवले तर कोष तसेच पडून राहतात, आणि भुकेली पिसू समोर येईल त्या माणसाच्या पायाला चावते. म्हणून औषध चालू असताना कुत्र्याचा नेहमीचा वावर बदलू नये. अर्थात हे औषध दिल्यानंतरच; औषधाविना फिरणारा कुत्रा अंडीच पेरत जातो.

पुढच्या तीन महिन्यांत काय दिसेल

पहिल्या दोन-तीन दिवसांत पिसवा एकदम कमी होतात. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास त्या पुन्हा दिसू लागतात, काही घरांत तर पूर्वीपेक्षा अधिक वाटतात. हा उपचाराचा पराभव नसून औषध देण्यापूर्वीच पडलेल्या अंड्यांची पिढी कोषातून बाहेर येत असते. नेमक्या याच टप्प्यावर लोक औषध बदलतात किंवा दुप्पट मात्रा देतात, आणि दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. दोन औषधे स्वतःच्या मनाने एकत्र देणे तर धोक्याचे आहे. ठरलेल्या तारखेला ठरलेली मात्रा आणि रोजची सफाई, एवढेच करत राहावे. नव्या पिसवांना अंडी घालण्याची संधी मिळत नसल्यामुळे साठा हळूहळू संपतो. सामान्यतः दोन ते तीन महिन्यांत घर मोकळे होते. हवा कोरडी आणि थंड असेल तर कोष उशिरा उघडतात आणि काळ लांबतो.

प्रगती मोजायची असेल तर रात्री जमिनीवर उथळ ताटलीत साबणाचे पाणी ठेवून तिच्यावर लहान दिवा लावावा. उजेड आणि उष्णता यांकडे झेपावणाऱ्या पिसवा पाण्यात पडतात. याने पिसवा संपत नाहीत, पण सकाळी ताटलीत किती पडल्या हे आठवड्यागणिक लिहून ठेवले की संख्या उतरते आहे की नाही ते स्पष्ट कळते आणि कोणत्या खोलीत साठा आहे याचाही पत्ता लागतो.

तीन महिन्यांनंतरही जिवंत पिसवा सापडत असतील तर औषधावर संशय घेण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. घरातील प्रत्येक कुत्र्या-मांजराला एकाच वेळी औषध दिले होते का? एखादी मात्रा आठवडाभर उशिरा तर गेली नाही? पिल्लू असताना ठरलेली मात्रा वजन वाढल्यावर बदलली का? मोठ्या कुत्र्याची नळी दोन लहान कुत्र्यांत वाटून बचत करण्याचा प्रयत्न झाला का? थेंब सोडल्यावर कुत्रा लगेच भिजला का? जिन्याखाली किंवा माळ्यावर एखादे भटके मांजर किंवा रानप्राणी मुक्काम करून नाही ना? बहुतेक ‘बधिर झालेल्या’ पिसवांचे कोडे यांतल्या एखाद्या प्रश्नापाशी सुटते. येथे पशुवैद्याशी बोलून वेगळ्या गटातील औषध घेण्याचा विचार जरूर करावा, पण तो शेवटी.

पिल्ले, गाभण कुत्री आणि आजारी कुत्रे

लहान पिल्लाच्या बाबतीत पिसवा हा नुसता त्रास नसून जिवावरचा प्रसंग ठरू शकतो, कारण त्याच्या अंगात रक्तच थोडे असते. पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असाव्यात. पांढुरक्या दिसल्या, पिल्लू मलूल असेल, दूध ओढत नसेल, तर फणी हातात घेऊन बसण्याची ही वेळ नाही, तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. बहुतेक टिकाऊ औषधे सहा ते आठ आठवड्यांच्या आतील पिल्लांना चालत नाहीत, काहींची किमान वयोमर्यादा त्याहूनही जास्त असते, आणि वेष्टनावरील किमान वय व किमान वजन या दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. तोपर्यंत बारीक फणी, साबणाचे पाणी, ऊब राखून केलेली अंगपुसणी आणि अंथरूण रोज बदलणे हाच मार्ग आहे. पिल्लांच्या आईला मात्र पशुवैद्याच्या सल्ल्याने, दूध पाजणाऱ्या कुत्रीला चालणारे औषध द्यावे, कारण पिल्लांवरच्या पिसवांचा उगम बहुधा तिच्याच अंगावर आणि अंथरुणात असतो.

अॅलर्जी असलेल्या कुत्र्याची खाज पिसवा गेल्यावरही दोन-तीन आठवडे टिकू शकते. कातडी ओली, पिवळट स्रावाची, दुर्गंधीची झाली असेल तर तेथे जीवाणूंचा संसर्ग झालेला असतो आणि खाज शमवणारी किंवा प्रतिजैविक औषधे पशुवैद्यच देऊ शकतो. घरातली स्टेरॉइडची मलमे किंवा माणसांच्या गोळ्या देऊ नयेत.

जंतांचा धागा विसरू नये. पिसूच्या अळीने गिळलेली फीतकृमीची अंडी पिसूच्या शरीरात वाढतात, आणि अंग चावताना कुत्र्याने ती पिसू गिळली की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. गुदद्वाराजवळच्या केसांत किंवा विष्ठेवर तांदळाच्या दाण्यांसारखे, कधी वळवळणारे तुकडे दिसले तर ते त्याचेच. प्राझिक्वान्टेलने हा कृमी मरतो, पण पिसवा आटोक्यात आल्या नाहीत तर काही आठवड्यांत तुकडे पुन्हा दिसू लागतात. लहान मुलाने चुकून पिसू गिळली तर त्यालाही हा कृमी होऊ शकतो. म्हणून कुत्र्याशी खेळल्यावर हात धुण्याची सवय मुलांना लावावी.

पुन्हा होऊ नयेत म्हणून

घर मोकळे झाल्यावर औषध बंद करणे हीच पुढच्या प्रादुर्भावाची सुरुवात असते. बंदिस्त, उबदार घरात पिसवांना ऋतूंचे बंधन उरत नाही, त्यामुळे वर्षभर औषध चालू ठेवण्याचा सल्ला बहुतेक पशुवैद्य देतात. मात्रेची तारीख फोनमध्ये किंवा दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावी, आणि दर तीन-चार महिन्यांनी कुत्र्याचे वजन पुन्हा करावे.

आठवड्यातून एकदा फणी फिरवणे आणि अंथरूण धुणे एवढ्यावर पाळत राखता येते. नवा कुत्रा किंवा मांजर घरात आणताना पहिल्याच दिवशी फणीने तपासावे आणि वयाला चालणारे औषध द्यावे. कुत्र्याला काही दिवस दुसरीकडे ठेवायचे असेल तर चालू मात्रेचा प्रभाव त्या संपूर्ण मुदतीत टिकतो ना, हे आधी पाहावे. प्राणी असलेल्या कुटुंबाने सोडलेल्या घरात राहायला जाताना, सामान हलवण्यापूर्वी रिकाम्या खोल्यांतून व्हॅक्यूम फिरवावा, फटी पुसून घ्याव्यात आणि पांढरे, गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून प्रत्येक खोलीत काही मिनिटे सावकाश चालावे. कोषांतून बाहेर आलेल्या पिसवा मोज्यांच्या पांढऱ्या कापडावर काळ्या ठिपक्यांसारख्या लगेच दिसतात, आणि त्या दिसल्या तर गालिचे अंथरण्याआधीच फवारणी उरकून घेता येते.